हळू बोला : अमेरिकेतील चोरट्या मद्यगृहांची कथा

‘स्पीक-ईझी’ हा इंग्रजी शब्द कानाला मोठा निरुपद्रवी वाटतो. ‘हळू बोला’ एवढाच त्याचा सरळ अर्थ. परंतु १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा शब्द उच्चारताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक निराळीच दुनिया उभी राहत असे. रस्त्यावर पाटी नाही, दार बंद, दाराला एक लहानसा झरोका, झरोक्यातून न्याहाळणारे दोन डोळे, खुणेचा एखादा शब्द, आणि मग आत दिवे, वाद्ये व पेले. कायद्याने बंद केलेले आणि सगळ्या शहराला पत्ता ठाऊक असलेले असे हे मद्यगृह होते. आजही न्यूयॉर्क, लंडन, टोकियो आणि मुंबई येथे त्याच नावाने, त्याच धाटणीची, परंतु पूर्णपणे परवानाधारक अशी मद्यगृहे चालतात. तेथे लोक हौसेने जातात आणि दार शोधण्याची गंमत अनुभवतात. ज्या गोष्टीची एका पिढीला भीती वाटत होती तिचीच दुसऱ्या पिढीला हौस कशी वाटू लागली, याचा इतिहास मनोरंजक आहे आणि काही अंशी दुःखदही आहे.

प्रथम या नावाविषयी. हा शब्द दारूबंदीच्या काळात जन्मला असा सर्वसाधारण समज आहे; परंतु तो त्याहून जुना आहे. १८८७ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात मद्यविक्रीच्या परवान्याची फी जबर वाढवणारा कायदा झाला. मोठ्या दुकानदारांनी फी भरली. लहानांनी परवान्याशिवायच धंदा चालू ठेवला. पिट्सबर्गजवळच्या मॅकीझपोर्ट या गावी केट हेस्टर नावाची एक बाई असाच गुत्ता चालवीत असे. गिऱ्हाइकांचा आवाज चढला की शेजारीपाजारी व पोलीस यांचे लक्ष जाऊ नये म्हणून ती ‘पोरांनो, हळू बोला’ असे दटावीत असे आणि त्यावरून हे नाव रूढ झाले, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, तो शब्द १८९० च्या सुमारास वृत्तपत्रांत आलेला आहे. परवान्याची फी आणि चोरटा गुत्ता यांचा संबंध त्यातून स्पष्ट होतो.

आता दारूबंदी आली कशी, हे पाहिले पाहिजे. तिचे पुरस्कर्ते केवळ कर्मठ वा हेकेखोर लोक होते असे समजणे अन्यायाचे होईल. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन ‘सलून’ हे पुरुषांचे दारूचे दुकान होते. पुष्कळशी सलूने बिअरच्या कारखानदारांच्या पैशावर चालत. खारट खाद्यपदार्थ फुकट ठेवावयाचे आणि तहान वाढवून पेला विकावयाचा, अशी तेथली रीत होती. शनिवारी हाती पडलेला आठवड्याचा पगार सोमवारपर्यंत उरत नसे. त्याची झळ घरातील बायकामुलांना लागे, आणि त्या बायकांना मतदानाचा हक्क नव्हता. १८७४ साली स्थापन झालेला स्त्रियांचा ख्रिस्ती मद्यनिषेध संघ या वेदनेतून निर्माण झाला. फ्रान्सेस विलर्ड या विदुषीने त्याला देशव्यापी स्वरूप दिले. कॅन्सस राज्यातील कॅरी नेशन ही बाई तर हातात कुऱ्हाड घेऊन दुकानांतील आरसे व बाटल्या फोडीत हिंडली. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ ज्या १९१९ साली रंगभूमीवर आले त्याच वर्षी अमेरिकेच्या राज्यघटनेत दारूबंदी दाखल झाली, हा निव्वळ योगायोग होय. परंतु सिंधूचे दुःख ज्यांना परके वाटत नाही त्यांना त्या अमेरिकन स्त्रियांचा संताप समजावून सांगावा लागणार नाही.

या भावनेला राजकीय शिस्त दिली ती १८९३ साली ओहायो राज्यात निघालेल्या अँटी-सलून लीगने. वेन व्हीलर हा तिचा चतुर सूत्रधार. उमेदवार कोणत्या पक्षाचा, याची लीगला फिकीर नव्हती. तो दारूबंदीला मत देईल की नाही, एवढेच ती पाही. १९१३ साली घटनादुरुस्तीने प्राप्तिकर आला. तोपर्यंत मध्यवर्ती सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा मद्यावरील करातून येत असे. आता सरकारला दुसरे उत्पन्न मिळाले. मग पहिले महायुद्ध आले. बिअरचे बहुतेक मोठे कारखानदार जर्मन वंशाचे होते. त्यामुळे दारूबंदीला देशभक्तीचीही झालर लाभली. १९१७ च्या डिसेंबरात प्रतिनिधिमंडळाने अठरावी घटनादुरुस्ती राज्यांकडे पाठविली आणि १६ जानेवारी १९१९ रोजी तिला पुरेशा राज्यांची संमती मिळाली. अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून ऑक्टोबर १९१९ मध्ये व्होल्स्टेड कायदा संमत झाला. शेकडा अर्ध्या भागाहून अधिक मद्यार्क असलेले प्रत्येक पेय त्याने मादक ठरविले. १७ जानेवारी १९२० पासून सारा देश कायद्याने कोरडा झाला.

मात्र या कायद्याला फटीही होत्या. मद्य तयार करणे, वाहून नेणे आणि विकणे हा गुन्हा होता. पिणे हा गुन्हा नव्हता. बंदीपूर्वी ज्याने तळघर भरून ठेवले होते तो श्रीमंत आपल्या घरी निर्धास्तपणे पिऊ शकत होता. डॉक्टरांना औषध म्हणून व्हिस्की लिहून देता येई. रोग्यामागे दहा दिवसांस एक पाइंट असे तिचे प्रमाण होते. शेतकऱ्याला घरी फळांचा रस काढून ठेवण्याची मुभा होती, आणि तो रस पुढे काय रूप घेतो याची चौकशी क्वचितच होई. कॅलिफोर्नियातील काही द्राक्षबागायतदारांनी सुकविलेल्या द्राक्षरसाच्या विटा विकावयास काढल्या. पाण्यात विरघळवून तो रस अमुक दिवस ठेवू नये, नाहीतर त्याचा द्राक्षासव होईल, अशी सूचनाही गिऱ्हाइकाला मिळे. सूचना कोणत्या हेतूने दिली जाते हे देणारा व घेणारा दोघेही जाणत होते.

चौथी सवलत धर्मविधींसाठी होती. कॅथलिक चर्चच्या मिस्सेसाठी द्राक्षासव आवश्यक; यहुदी घरांतील शब्बाथ व पासोव्हर यांसाठीही तो लागतो. म्हणून कायद्याने त्याला मोकळीक ठेवली. नापा खोऱ्यातील जॉर्ज द लाटूर यांची बाग चर्चला द्राक्षासव पुरवीतच तग धरून राहिली. परंतु या सवलतीचा गैरवापरही झाला. धर्मगुरू नसलेल्या लोकांनी धर्मगुरूंची नावे सांगून माल उचलला. पवित्र वस्तूच्या नावाने अपवित्र व्यापार चालला, याचे दुःख त्या त्या समाजांतील भाविकांना झाले असल्यास नवल नाही.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. कॅथलिकांत मद्यपानाविरुद्ध चळवळ नव्हती असे नाही. आयर्लंडमधील कॉर्क येथे फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ साली संपूर्ण मद्यत्यागाची शपथ देण्यास आरंभ केला, लाखो लोकांनी ती घेतली, आणि १८४९ मध्ये ते अमेरिकेतही जाऊन आले. परंतु ती शपथ माणूस स्वतःच्या तोंडाने घेत होता. दारूबंदीचा कायदा मात्र शपथ न घेतलेल्यांवरही लादला गेला. आयरिश, इटालियन, पोलिश, जर्मन अशा परदेशांतून आलेल्या कुटुंबांत जेवणाबरोबर घेतलेला पेला म्हणजे पाप नव्हते. शिवाय कॅथलिकांचा व कृष्णवर्णीयांचा द्वेष करणारी कू क्लक्स क्लॅन ही संघटना दारूबंदीची कैवारी होती. त्यामुळे हा कायदा आपल्या भल्यासाठी नसून आपल्याला ताळ्यावर आणण्यासाठी आहे, अशी भावना शहरांतील गरीब वस्त्यांत पसरली. न्यूयॉर्कचे कॅथलिक गव्हर्नर अल् स्मिथ यांनी १९२३ साली राज्याचा स्वतंत्र अंमलबजावणी-कायदा रद्द करण्यास संमती दिली ती याच पार्श्वभूमीवर. पुढे १९२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांचा पराभव झाला, त्यास त्यांचा धर्म आणि त्यांचे हे धोरण अशी दोन्ही कारणे होती.

अशा वातावरणात स्पीक-ईझी फोफावली. साऱ्या देशासाठी आरंभी सुमारे दीड हजार सरकारी निरीक्षक नेमले होते. एवढ्यांनी हजारो मैलांचा किनारा, कॅनडाची सरहद्द आणि प्रत्येक शहरातील गल्ल्या सांभाळावयाच्या होत्या. सागरी हद्दीच्या पलीकडे जहाजे नांगर टाकून रांगेने उभी राहत आणि रात्री वेगवान होड्या त्यांच्याकडील पेट्या किनाऱ्यावर आणीत. न्यूयॉर्क शहरात १९२९ च्या सुमारास चोरटी मद्यगृहे तीस हजारांहून अधिक असावीत असा पोलिसप्रमुखांचाच अंदाज होता. म्हणजे बंदीपूर्वीच्या परवानाधारक दुकानांहून त्यांची संख्या वाढली होती. पोलीस, निरीक्षक आणि न्यायाधीश यांपैकी अनेकांचे हात ओले होत. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर शेताचे काय होणार!

प्रामाणिक निरीक्षक मुळीच नव्हते असे नाही. इझी आइन्स्टाइन हा टपालखात्यातील एक जाडजूड कारकून निरीक्षक झाला आणि मो स्मिथ या मित्राला जोडीला घेऊन पाच वर्षे न्यूयॉर्क पालथे घालीत राहिला. कधी थडगी खणणारा, कधी वादक, कधी कोळी अशी सोंगे घेऊन हे दोघे आत शिरत. त्यांच्या नावावर ४,९३२ अटका जमा आहेत. इतकी कीर्ती वरिष्ठांना मानवली नाही आणि १९२५ साली दोघांना घरी बसविण्यात आले.

सर्वच स्पीक-ईझी सारख्या नव्हत्या. एका टोकाला एखाद्या चाळीतील कोंदट खोली, एक टेबल आणि चहाच्या कपातून दिली जाणारी दारू. दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कच्या बावन्नाव्या रस्त्यावरील २१ क्रमांकाचे घर. जॅक क्रींडलर व चार्ली बर्न्स या मावस-मामे नात्यातील दोन तरुणांनी १९२२ साली ग्रिनिच व्हिलेज भागात एक लहानसे ठिकाण काढले आणि जागा बदलत बदलत १९३० च्या आरंभी ते या घरात आले. तेथे धाड पडताच एक कळ दाबली की बाटल्यांचे फळे उलटत आणि बाटल्या घसरगुंडीवरून खाली जाऊन फुटत. मद्य जमिनीत जिरून जाई. उंची मद्याचा साठा तर शेजारच्या १९ क्रमांकाच्या घराखालील तळघरात होता. त्याचे विटांचे दार दोन टनांहून जड होते आणि भिंतीतील एका विशिष्ट चिरेत लांब लोखंडी सळई घातल्यावाचून ते उघडत नसे. ‘या घरात दारू आहे काय?’ असे विचारल्यास ‘नाही’ असे उत्तर देता यावे आणि ते अक्षरशः खरे असावे, ही त्यातील मखलाशी! १९३२ साली निरीक्षकांनी कसून झडती घेतली, परंतु ते दार त्यांना सापडले नाही. पुढे हे ठिकाण एक प्रतिष्ठित भोजनगृह झाले आणि २०२० साली बंद पडले.

श्रीमंतांच्या पेल्यात समुद्रापलीकडून आलेले खरे मद्य होते. गरिबाच्या पेल्यात काय होते? या प्रश्नाचे उत्तर या इतिहासातील सर्वांत काळेकुट्ट पान आहे. रंग, वार्निश, औषधे इत्यादी उद्योगांना मद्यार्क लागतो. तो कोणी पिऊ नये म्हणून त्यात मिथिल मद्यार्कासारखी विषारी द्रव्ये मिसळण्याची पद्धत जुनीच होती. चोरट्या व्यापाऱ्यांनी हा औद्योगिक मद्यार्क पळवून, अर्धवट शुद्ध करून, त्यात पाणी व सुगंधी तेले घालून ‘जिन’ म्हणून विकावयास आरंभ केला. त्यावर उपाय म्हणून सरकारने विषाचे प्रमाण वाढविण्याचा हुकूम काढला व १९२७ च्या आरंभापासून तो अमलात आला. मिथिल मद्यार्काचे शरीरात फॉर्मिक अम्ल होते. ते प्रथम दृष्टीच्या मज्जातंतूंवर आघात करते आणि मात्रा मोठी असल्यास प्राण घेते. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत असे रोगी एकामागून एक येऊ लागले. शहराचे मुख्य शवचिकित्सक डॉक्टर चार्ल्स नॉरिस आणि त्यांचे रसायनतज्ज्ञ सहकारी अलेक्झांडर गेट्लर यांनी प्रेतांची तपासणी करून विष शोधून काढले. पिणारे थांबणार नाहीत हे ठाऊक असूनही सरकार विष घालीत आहे, आणि मरतात ते चांगली दारू विकत घेण्याची ऐपत नसलेले गरीब, असे नॉरिस यांनी उघडपणे बजावले. १९३० साली आल्याच्या अर्कात एका व्यापाऱ्याने तपासणी चुकविण्यासाठी एक रासायनिक द्रव्य मिसळले. त्याने हजारो गरीब माणसांचे पाय लुळे पडले. अशा रीतीने दारूबंदीने पिणाऱ्यांचे दोन वर्ग पाडले : ज्यांना पेल्यातील वस्तूची खात्री विकत घेता येई ते, आणि ज्यांना ती घेता येत नसे ते.

याच ठिकाणी ‘कॉकटेल’ या मिश्र पेयाची कथा येते. कॉकटेलचा जन्म स्पीक-ईझीत झाला, ही समजूतही चुकीची आहे. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील हडसन या गावच्या एका वृत्तपत्राने कॉकटेल म्हणजे काय, याचे उत्तर छापले आहे : मद्य, साखर, पाणी आणि कडवट अर्क यांचे मिश्रण. १८६२ साली जेरी थॉमस याने अशा पेयांच्या कृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याआधी दोनशे वर्षे युरोपात ‘पंच’ नावाचे मिश्र पेय लोकप्रिय होते आणि त्याचे नाव बहुधा आपल्याच ‘पंच’ वा ‘पाच’ या शब्दावरून पडले आहे. मद्य, साखर, लिंबू, पाणी व मसाला हे ते पाच घटक. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने आपल्या प्रवासवृत्तांतात हीच व्युत्पत्ती दिली आहे. या किनाऱ्यावरील इंग्रज गोव्याची अराक घेऊन हे पेय करतात, असेही तो नमूद करतो. तेव्हा जगातील मिश्र पेयांच्या वंशावळीत कोकण-गोव्याच्या किनाऱ्याचे नाव मानाने घ्यावे लागते.

दारूबंदीने कॉकटेल निर्माण केले नाही. उलट त्याची कला बिघडविली. घाईघाईने गाळलेल्या जिनची उग्र चव व वास झाकण्यासाठी मध, लिंबूरस, संत्र्याचा रस, साय असे पदार्थ सढळ हाताने घातले जाऊ लागले. आपल्या पाककलेत शिळ्या भाजीला मसाला अधिक घालतात, तशातलाच हा प्रकार. ज्यांना आपल्या कसबाचा अभिमान होता असे पुष्कळ बारटेंडर देश सोडून गेले. हॅरी क्रॅडक हा १९२० साली लंडनला परतला आणि तेथील सॅव्हॉय हॉटेलात नोकरीस लागला. त्याने संकलित केलेले पाककृतींचे पुस्तक १९३० साली निघाले आणि ते अद्याप प्रमाण मानले जाते. पॅरिस व हवाना येथील मद्यगृहे अमेरिकन प्रवाशांनी गजबजून गेली. गुरूपासून शिष्याकडे जाणारी विद्या अशी तुटली की तिचा धागा पुन्हा जुळावयास कित्येक दशके लागली.

तथापि स्पीक-ईझीने सामाजिक जीवनात काही बदल घडविले, तेही सांगितले पाहिजेत. सलूनमध्ये स्त्रियांना मज्जाव होता; चोरट्या मद्यगृहाला तसला दंडक पाळण्याचे कारण नव्हते. तेथे स्त्री-पुरुष एका टेबलाशी बसू लागले. गिऱ्हाईक टिकविण्यासाठी संगीत ठेवावे लागे, आणि त्यामुळे कृष्णवर्णीय वादकांच्या जॅझला आश्रय मिळाला. हार्लेममधील कॉटन क्लबात १९२७ पासून ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद वाजत असे. परंतु या क्लबाचा मालक ओनी मॅडन हा एक गुंड होता. रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि समोर केवळ गोरे श्रोते, असा तेथला नियम होता. कायदा मोडणाऱ्यांनी वर्णभेदाची रूढी मात्र इमानाने पाळली.

गुंडगिरीचा कळस शिकागोत झाला. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी तेथे सात माणसांना भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. अल् कपोन यास शिक्षा झाली ती १९३१ साली, आणि तीही खुनाबद्दल नव्हे, तर प्राप्तिकर चुकविल्याबद्दल. ज्या प्राप्तिकरामुळे दारूबंदी शक्य झाली त्यानेच तिच्या सर्वांत मोठ्या लाभधारकाला तुरुंगात टाकले.

शेवटी दारूबंदी उठली ती दोन कारणांनी. १९२९ च्या मंदीत लाखो लोक बेकार झाले आणि सरकारला मद्याच्या कराची पुन्हा गरज भासू लागली. दुसरे कारण नैतिक होते. ज्या स्त्रियांच्या नावाने बंदी आली त्यांच्यापैकीच पुष्कळजणी आता तिच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. पॉलिन सेबिन या बाईंनी १९२९ साली बंदी उठविण्यासाठी स्त्रियांची संघटना काढली. आपली मुले कायद्याला हसत वाढत आहेत, हे त्यांचे म्हणणे होते. एप्रिल १९३३ मध्ये सौम्य बिअर खुली झाली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी यूटा या छत्तिसाव्या राज्याच्या संमतीने एकविसावी घटनादुरुस्ती पूर्ण झाली. एका घटनादुरुस्तीने दुसरी संपूर्णपणे रद्द केल्याचे अमेरिकेच्या इतिहासातील हे एकमेव उदाहरण. बंदीचा काहीच उपयोग झाला नाही, असे मात्र म्हणता येत नाही. पहिल्या वर्षांत मद्याचा खप खरोखरच पुष्कळ उतरला होता आणि यकृताच्या विकाराने होणारे मृत्यूही घटले होते. परंतु त्यासाठी दिलेली किंमत समाजाला परवडली नाही.

ही कथा मराठी वाचकाला सर्वस्वी परकी नाही. मुंबई इलाख्यात १९३९ च्या ऑगस्टात काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याच्या काही कलमांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बलसारा खटल्यात दिला. मद्यार्क असलेल्या औषधांवरील व प्रसाधनांवरील बंदी न्यायालयाने अवैध ठरविली. त्या काळी मुंबईच्या गल्ल्यांत हातभट्टीचे अड्डे उभे राहिले. ‘आंटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायका आपल्या राहत्या खोलीत गिऱ्हाइकांना बसवीत. हिंदी चित्रपटांनी या ‘आंटी’ची पुष्कळ थट्टा केली; त्यांतील कित्येकींना घर चालविण्याचा दुसरा मार्ग नव्हता, हे मात्र फारसे कोणी दाखविले नाही. मॅकीझपोर्टच्या केट हेस्टरच्या त्या दूरच्या बहिणीच म्हणावयाच्या. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या गोव्यात बंदी नव्हती, त्यामुळे सरहद्दीवरून चोरटी वाहतूक चाले. पुढे महाराष्ट्राने परवाने सैल केले. गुजरातेने बंदी कायम ठेवली, आणि २०२३ च्या अखेरीस गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीपुरती सवलत दिली. मिथिल मद्यार्काने मात्र दोन्हीकडे बळी घेतले : २०१५ साली मुंबईतील मालवणी येथे शंभराहून अधिक आणि २०२२ साली गुजरातेतील बोटाद परिसरात चाळिसांहून अधिक. डॉक्टर नॉरिस यांनी १९२६ साली केलेली तक्रार अद्याप जुनी झालेली नाही.

आता या दुनियेच्या नव्या अवताराकडे वळू. ३१ डिसेंबर १९९९ रोजी न्यूयॉर्कच्या एल्ड्रिज रस्त्यावर साशा पेट्रास्की या तरुणाने ‘मिल्क अँड हनी’ नावाचे लहानसे मद्यगृह उघडले. बाहेर पाटी नव्हती आणि फोन करून आधी जागा राखावी लागे. त्यामागे पोलिसांची भीती नव्हती. परवाना रीतसर होता. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या कुटुंबांना गोंगाटाचा त्रास होऊ नये, हा मुख्य हेतू होता. केट हेस्टरचे ‘हळू बोला’ येथे पुन्हा ऐकू आले, मात्र या वेळी शेजारधर्म म्हणून. भिंतीवर नियम टांगलेले होते : आरडाओरडा करू नये, बड्या लोकांच्या ओळखी सांगू नयेत, पुरुषांनी अनोळखी स्त्रियांशी आपण होऊन बोलावयास जाऊ नये. पेट्रास्की यांनी पुष्कळ बारकावे जपानी पद्धतीच्या मद्यगृहांकडून घेतले. १९९३ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेले ‘एंजल्स शेअर’ हे त्यांच्यापुढील एक आदर्श होते. २००७ साली निघालेल्या ‘प्लीज डोन्ट टेल’ या मद्यगृहात तर सॉसेज-पावाच्या दुकानातील टेलिफोनच्या कपाटातून प्रवेश करावा लागतो. पेट्रास्की २०१५ साली वारले, परंतु त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी ही पद्धत देशोदेशी नेली.

या नव्या पद्धतीचे मर्म दाराच्या गमतीत नाही. ते सेवेत आहे. प्रत्येक द्रव्य लहान धातूच्या मापाने मोजून घालतात, कारण आंबट, गोड आणि मद्य यांचा तोल थोड्या थेंबांनीही बिघडतो. फळांचा रस असलेले पेय बर्फासह जोराने हलवितात. केवळ मद्यांचे मिश्रण असेल तर ते लांब चमच्याने शांतपणे ढवळतात. बर्फ केवळ गारवा देत नाही. वितळून तो पेयात पाणीही मिसळतो, म्हणून त्याचा आकार महत्त्वाचा. मोठा, नितळ खडा सावकाश वितळतो. बारीक तुकडे पेय झपाट्याने पाणचट करतात. लिंबे त्याच दिवशी पिळलेली असतात. पेला आधी थंड केलेला असतो. पाहुणा बसताच त्याच्यापुढे साधे पाणी येते आणि ते संपू देत नाहीत. बाटली गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत उघडली जाते. ज्याला पुरेसे झाले आहे त्याला आणखी एक पेला नम्रपणे नाकारणे, हेही कुशल यजमानाचे कर्तव्य मानतात.

थोडक्यात, आजच्या मद्यगृहाने जुन्या स्पीक-ईझीचे दार तेवढे घेतले. आतला व्यवहार अगदी उलटा आहे. जुन्या ठिकाणी वास झाकण्यासाठी मध घालीत. येथे चव कळावी म्हणून माप घेतात. तेथे पेल्यात काय आहे हे विचारण्याची सोय नव्हती. येथे तेच प्रथम सांगितले जाते. मद्य घ्यावे की न घ्यावे, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा आणि श्रद्धेचा प्रश्न आहे, आणि त्यावर मतभेद राहणारच. परंतु जेथे ते दिले जाते तेथे पेल्यातील वस्तू निर्भेळ असली पाहिजे, देणाऱ्याला आपले नाव लपवावे लागू नये, आणि घरी वाट पाहणाऱ्यांचीही त्याने काळजी करावी, याविषयी मतभेद होऊ नये. मद्यनिषेधाच्या चळवळीत उतरलेल्या स्त्रिया आणि प्रेतांची तपासणी करणारे डॉक्टर नॉरिस वरवर पाहता विरुद्ध बाजूंचे वाटतात. परंतु पेल्यापायी उद्ध्वस्त होणाऱ्या गरिबाच्या घराची चिंता दोघांनाही सारखीच होती. २१ क्रमांकाच्या घरातील ते विटांचे दार पाहून पुढच्या काळातील प्रवासी कौतुकाने थक्क होत असत. त्याच वर्षांत त्याच शहरात ज्यांच्यापाशी असे दार नव्हते त्यांची नोंद डॉक्टर नॉरिस यांच्या दप्तरात आहे.